पिवळा कागद आणि बाळंतिणीची खोली

धारवाडला एम.ए. करीत असताना, १९९१ साली, मी शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेची 'द यलो वॉलपेपर' ही कथा प्रथम वाचली. त्या वेळच्या वहीत मी कथेखाली शेरा लिहिला होता : 'उत्तम भयकथा. शेवट परिणामकारक.' गेल्या वर्षी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी घरी यायची होती, म्हणून माडीवरची खोली आवरताना ती वही हाती लागली. त्या रात्री कथा पुन्हा वाचून काढली. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर शेरे मारण्यात ज्याचा जन्म गेला, त्या मला स्वतःच्याच शेऱ्यावर लाल शाईची रेघ मारावीशी वाटली. प्रस्तुत लेख म्हणजे ती दुरुस्ती आहे.

जानेवारी १८९२ मध्ये 'न्यू इंग्लंड मॅगझीन'मध्ये ही कथा प्रसिद्ध झाली. कथानक अगदी लहान. एक तरुण स्त्री नुकतीच आई झाली आहे. तिचे मन खचले आहे. तिचा नवरा जॉन स्वतः डॉक्टर. तो तिला विश्रांतीसाठी उन्हाळ्यापुरत्या भाड्याने घेतलेल्या एका मोठ्या, जुन्या घरात आणतो आणि माडीवरच्या खोलीत ठेवतो. पूर्वी ती मुलांची खोली असावी. खिडक्यांना गज आहेत, पलंग जमिनीला खिळवलेला आहे आणि भिंतींना मळकट पिवळा, नक्षीचा कागद डकवलेला आहे. तिने लिहायचे नाही, फार बोलायचे नाही, फार माणसांत मिसळायचे नाही, असा दंडक. ती चोरून लिहिते. हळूहळू तिला त्या नक्षीआड एक बाई रांगताना दिसू लागते. शेवटी कागद फाडून ती स्वतःच खोलीभर रांगू लागते आणि दारात आलेला जॉन ते पाहून बेशुद्ध पडतो.

शेवट वाचून अंगावर काटा येतो, हे खरेच. पण भय शेवटात आहे असे समजणे हीच माझी जुनी चूक. ते पहिल्या पानापासून आहे. आरंभीच ती सांगते की जॉन तिला हसतो, आणि लग्न झाल्यावर हे अपेक्षितच असते, असेही पुढे जोडते. ती काही म्हणाली की पाठोपाठ जॉनचे मत येते. तिला माणसे भेटावीत असे वाटते, जॉनला ते योग्य वाटत नाही. तिला खालच्या मजल्यावरची, बागेकडे उघडणारी खोली हवी असते, जॉन ऐकत नाही. काही पाने गेल्यावर जॉन खोलीत नसतानाही त्याची वाक्ये तिच्या तोंडून येऊ लागतात. कथेची वीण तुटक आहे, एकेक-दोनदोन वाक्यांचे परिच्छेद आहेत. ही तुटकता आजारी मनाची आहे आणि पाळतीचीही आहे. पाऊल वाजले की लेखणी लपवायची आहे!

आणि जॉन दुष्ट नाही. लेखिकेची खरी ताकद मला इथे दिसते. तो बायकोवर प्रेम करतो, लहान मुलीला म्हणावे तशा लाडक्या नावांनी हाका मारतो, उचलून माडीवर नेतो. फक्त एक गोष्ट तो कधीच करीत नाही. ती जे सांगते ते खरे असू शकेल, असे तो मानीत नाही.

हे कल्पनेचे खेळ नव्हते. गिलमनबाईंचा जन्म १८६०चा. १८८४ मध्ये चार्ल्स वॉल्टर स्टेटसन या चित्रकाराशी लग्न, १८८५ मध्ये कन्या कॅथरीन. त्यानंतर त्यांना मनाच्या खोल उदासीने घेरले. १८८७ मध्ये फिलाडेल्फियाचे नामांकित डॉक्टर सायलस वीअर मिचेल यांच्याकडे त्यांनी 'विश्रांती-उपचार' घेतला. अंथरुणावर पडून राहणे, भरपूर खाणे, मालिश आणि माणसांपासून दूर राहणे, असा हा उपचार. घरी पाठवताना घरसंसारातच राहावे आणि लेखणी-कुंचल्याला हात लावू नये, असा सल्ला मिळाला. तो पाळता पाळता आपण वेडाच्या काठापर्यंत गेलो, असे बाईंनी १९१३ मध्ये लिहून ठेवले आहे. कथेत वीअर मिचेल यांचे नावही आहे. सुधारणा झाली नाही तर त्यांच्याकडे पाठवीन, असे जॉन बायकोला बजावतो. आपली कथा वाचून त्या डॉक्टरांनी उपचार बदलले, असे बाईंना कोणाकडून तरी कळले होते. त्याला पुरावा मात्र सापडलेला नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतील फेमिनिस्ट प्रेसने कथा पुस्तकरूपाने पुन्हा छापली आणि नव्या वाचकांनी तिच्यातली बाई पाहिली. मी १९९१ मध्येही भूतच पाहत बसलो होतो.

आता जे लिहितो ते पत्नीच्या परवानगीने.

१९९९ साली आमच्या मुलीचा जन्म झाला. पत्नी खानापूर तालुक्यात माहेरी होती. शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी बस धरून जात असे. सासूबाईंची सरबराई चोख. शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, अहळिवाची खीर, कशात कसूर नव्हती. आपल्याकडची बाळंतीण काय आणि शेजारच्या कन्नड घरातली बाणंती काय, तिच्या अंगाची काळजी आपण मनापासून घेतो. पत्नी मात्र भिंतीकडे तोंड करून बसलेली असे. एका शनिवारी ती हळूच म्हणाली, "ही मला माझी वाटतच नाही हो."

मी म्हणालो, "असं बोलू नये. तुला काय कमी आहे? मनावर घेऊ नकोस."

एम.ए. झालेला, ती कथा वाचलेला मी! मोठ्या बायकांनी नजर काढली, अंगारा लावला. त्यांनी निदान काहीतरी झाले आहे एवढे तरी मानले, मी तेवढेही मानले नाही. पाच महिन्यांनी बेळगावच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला बसवून विचारले आणि मनाच्या डॉक्टरांकडे पाठवले. औषधे झाली, बोलणे झाले, आणि वर्षाच्या आत ती बरी झाली. परवा जॉनची वाक्ये वाचताना मला माझा आवाज ऐकू आला, तो असा.

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात रडू येणे, हळवे होणे पुष्कळजणींना होते आणि आठ-पंधरा दिवसांत ते ओसरते. उदासीचा आजार त्याहून वेगळा. तो महिनोन्‌महिने राहतो. भास होणे ही तिसरी, विरळा पण तातडीने उपचार लागणारी अवस्था. कथेतली स्त्री दुसरीतून तिसरीत ढकलली जाते. हे दूरदेशीचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी आपल्या शेजारच्या गोव्यात मातांची पाहणी केली होती. ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरांतल्या सुमारे २३ माता या आजाराने ग्रासलेल्या आढळल्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही त्यातली ठळक कारणे. हा आजार ओळखण्यासाठी १९८७ मध्ये एडिंबरोला तयार झालेली दहा प्रश्नांची यादी आज जगभर वापरतात. तिच्यातला पहिलाच प्रश्न, तुम्हाला हसू येते का, अशा अर्थाचा आहे. जॉन बायकोला हसत होता. तिला हसू येते का, हे त्याने विचारले नाही.

कथेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे सुखवस्तू घर आहे. बाळ सांभाळायला मेरी आहे, घर सांभाळायला जॉनची बहीण जेनी आहे. त्या दोघींना मन आहे की नाही, याची कथेला फिकीर नाही. स्वतः गिलमनबाईंचे वंशविषयक विचारही संकुचित होते, अशी टीका झाली आहे आणि ती रास्त आहे. नक्षीआडची बाई साऱ्या जगाच्या बायका आहेत, असे म्हणताना समीक्षकाने जरा थांबावे.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेतून दोन्ही वेळा निसटली. मी पत्नीला कथा मराठीतून सांगितली. ती निमूट ऐकत होती. जॉन बेशुद्ध पडला तेव्हा तिला काहीच वाटलेले दिसले नाही. तिने विचारले, "आणि बाळाचं काय झालं हो?"

मी पुस्तक उघडून पाहिले. बाळ दोन-तीन वाक्यांत येते. त्याच्याजवळ आपल्याला थांबवत नाही, जीव घाबरा होतो, असे आई सांगते. निदान त्याला या खोलीत राहावे लागत नाही, याचे समाधान मानते. पुढे बाळ कथेतून नाहीसे होते. ज्याच्या जन्मापासून सारे सुरू झाले त्याचेच नाव नाही. ही लेखिकेची विस्मृती आहे असे मी म्हणणार नाही. ती आजाराची अचूक नोंद आहे, आणि ती ओळखायला माझी एम.ए.ची पदवी पुरी पडली नाही.

खऱ्या बाळाचे, कॅथरीनचे, मला सांगता आले. आईवडील विभक्त झाले. १८९४ मध्ये आईने तिला वडिलांकडे व त्यांच्या दुसऱ्या पत्नीकडे पाठवले आणि त्याबद्दल वर्तमानपत्रांची निर्भर्त्सना सोसली. पुढे मुलगी चित्रकार झाली. शेवटच्या आजारात, म्हाताऱ्या गिलमनबाई पॅसाडिनाला मुलीजवळ जाऊन राहिल्या, आणि १९३५ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. पत्नी म्हणाली, "म्हणजे भेटल्या शेवटी." आज आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करतात, हे तिला सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

मुलगी आली, बाळंत झाली. डोहाळे, पाळणे, बारसे यांची गाणी आपल्याकडे उदंड. नंतरच्या सव्वा महिन्यातल्या मनाविषयी आपले वाङ्मय मला मुकेच वाटते. तेव्हा मीच एका दुपारी माडीवर गेलो आणि दारातूनच विचारले, "झोप लागते का गं? आणि मनाला कसं वाटतं?"

ती म्हणाली, "बाबा, आत येऊन बसा, मग सांगते."

मी बसलो. ती अर्धा तास बोलली. मध्ये दोनदा 'मनावर घेऊ नकोस' हे शब्द माझ्या ओठांवर आले. दोन्ही वेळा मी ते गिळले.