तीन पुस्तके आणि एक धूसर वटवट्या

पक्षी ओळखण्याचे पुस्तक चांगले की वाईट, हे आपण बहुधा त्यातल्या चित्रांवरून ठरवतो. पण नीलपंख किंवा खंड्या कोणत्याही पुस्तकातून ओळखता येतो. पुस्तकाची परीक्षाच घ्यायची, तर नांदूरमध्यमेश्वरच्या पाणकणसात शिरणारा, मातकट रंगाचा एखादा लहानसा वटवट्या घ्यावा, आणि तोही अस्पष्ट फोटोतला. निफाड तालुक्यातील एका शिक्षिकेने असे तीन फोटो पाठवून 'हा कोण?' असे विचारले. त्या निमित्ताने तीन प्रसिद्ध पुस्तके या फोटोंशेजारी ठेवून पाहिली.

पहिले सलीम अली यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' (१९४१). नवशिक्याला ते दोन प्रश्न विचारते: पक्षी केवढा आणि रंग कोणता? चिमणी, बुलबुल, मैना, कबूतर, कावळा, घार या ओळखीच्या पक्ष्यांचीच त्यात मोजपट्टी केली आहे. प्रत्यक्ष पक्ष्यासमोर उभ्या असलेल्या मुलासाठी याहून सोपी पद्धत मला माहीत नाही. फोटोत मात्र नेमक्या याच दोन गोष्टी हरवतात. झूम केले की वटवट्या आणि कावळा सारखेच मोठे दिसतात. रंगाचे तर विचारूच नका. सकाळच्या कोवळ्या उन्हात करडा पक्षी तांबूस दिसतो, सावलीत हिरवट. या तीन फोटोंत एकाच पक्ष्याचे तीन रंग आले आहेत. हा पुस्तकाचा दोष नव्हे. ते जिवंत पक्षी पाहणाऱ्यासाठी लिहिले आहे.

दुसरे ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचे. १९९८ च्या मोठ्या ग्रंथानंतर १९९९ मध्ये त्याची खिशात मावणारी आवृत्ती आली. तिच्यात चित्रासमोरच मजकूर असतो, ही मोठी सोय. पण चित्रे पाहताना एक मोह होतो. सगळे वटवटे स्वच्छ उजेडात, एका बाजूने, ओळीने बसलेले असतात. मुले त्यांवर बोट फिरवतात आणि 'हाच तो!' म्हणून मोकळी होतात. खरी मदत आहे ती समोरच्या बारीक अक्षरांत: भुवईची रेघ डोळ्याच्या मागे जाते का, चोच किती लांब, शेपटी गोल की चौकोनी. रंग बिघडला तरी अशी प्रमाणे फोटोत बऱ्यापैकी टिकतात.

तेवढ्यावर किती जमते ते पाहू. पहिल्या फोटोत पक्ष्याशेजारी पाणकणसाचे पान आहे. तळ्यावर जाऊन अशा पानांची रुंदी मोजली, की अंदाजे मोजपट्टी मिळते. त्या मापाने हा मोठा, जाड चोचीचा क्लॅमरस रीड वॉर्बलर नाही. तिसऱ्या फोटोत शेपटी खालून दिसते. टोक गोलसर आहे आणि शेपटीखालची पिसे लांब आहेत. म्हणजे बूटेड आणि साइक्स वॉर्बलरही गळले. त्यांची शेपटी चौकोनी असते. (हे साइक्स म्हणजे १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापणारे कर्नल साइक्स.) उरले दोन, ब्लाइथचा रीड वॉर्बलर आणि पॅडीफील्ड वॉर्बलर. पॅडीफील्डची भुवई डोळ्यामागे ठळक जाते, ब्लाइथची बहुधा डोळ्याच्या पुढेच उठून दिसते. आणि नेमक्या त्या जागी पहिल्या फोटोत पानाची सावली आहे, दुसऱ्यात पक्षी हललेला आहे. तिसऱ्यात तोंड कॅमेऱ्याकडे असल्याने चोचीची लांबीही कळत नाही. इथे थांबावे लागते.

असे थांबायला पहिली दोन्ही पुस्तके पुरेसे शिकवत नाहीत, ही माझी तक्रार. प्रत्येक चित्राखाली एक नाव. 'या दोघांपैकी एक' असे उत्तर घेऊन आलेल्या वाचकाला तिथे जागा नाही. रासमुसेन आणि अँडरटन यांचे 'बर्ड्‌स ऑफ साउथ एशिया' (२००५) या बाबतीत उजवे. दोन खंडांपैकी दुसऱ्यात शरीराची मापे आणि आवाजाचे आलेख आहेत. चित्रावर भागत नाही, हे त्यांतून आपोआप कळते.

या पक्ष्यांचा इतिहासही तेच सांगतो. १८६७ साली ॲलन ह्यूम यांनी सतलजच्या खोऱ्यात एक वटवट्या टिपला. तो वेगळ्या जातीचा आहे की नाही यावर तज्ज्ञांचे एकमत होईना. नमुना तर हातात होता! २००२ मध्ये डीएनए तपासल्यावर ती स्वतंत्र जात ठरली, लार्ज-बिल्ड रीड वॉर्बलर. २००६ च्या मार्चमध्ये तिचा जिवंत पक्षी थायलंडमध्ये जाळ्यात सापडला. मग संग्रहालयातले जुने नमुने पुन्हा तपासले, तेव्हा ब्लाइथच्या नावाखाली ठेवलेला, भारतातच गोळा केलेला आणखी एक निघाला.

शाळेसाठी एकच पुस्तक घ्यायचे तर मी अजूनही ग्रिमेट-इन्स्किपची छोटी आवृत्तीच सुचवीन. मात्र वर्गात ती चित्रे झाकून, आधी मजकूर वाचून वापरावी. निफाडच्या बाईंना 'ब्लाइथ किंवा पॅडीफील्ड' एवढेच कळवले आहे, आणि कापून मोठे न केलेले मूळ फोटो मागवले आहेत.