एका चौकटीचे रसग्रहण

रसग्रहणाशी माझा संबंध शाळेतच संपला. दहापैकी तीन मार्क. पुढे मी कॉमर्सला गेलो आणि मराठी साहित्य वाचलं. तरीही आज एका लेखनाची समीक्षा करायला बसलो आहे, कारण गेल्या आठवड्यात ते मी रोज आठ-दहा वेळा वाचलंय. आमच्या तीन नंबरच्या काउंटरवर पासबुक छापायला घेतलं की संगणकाच्या पडद्यावर एक चौकट उमटे : ‘या प्रोग्रॅमने काम करणे थांबवले आहे.’ खाली एकच बटण, ‘बंद करा’. समोर पासबुक उघडून उभे असलेले पेन्शनर.

शैली आटोपशीर आहे, हे मान्य. पण हे वाक्य ‘फाइल गहाळ झाली’ या आमच्या सरकारी वाक्याच्या घराण्यातलं आहे. कुणामुळे, ते सांगायचंच नाही. मग ती रिकामी जागा माणसं भरतात. साहेबांनी ती काउंटरवर नवीन लागलेल्या मुलीच्या नावाने भरली. “भलतंसलतं दाबते ती,” म्हणाले, आणि तिचा मेमो टाइप करायला मलाच दिला. तिचं प्रोबेशन अजून संपायचं होतं.

“काका, मी खरंच काही दाबलं नव्हतं हो,” ती म्हणाली. (वय चव्वेचाळीस. पण ‘काका’ व्हायला व्हाउचर लागत नाही.)

कंपनीचा इंजिनियर येऊन प्रोग्रॅम दोनदा पुसून पुन्हा टाकून गेला. चौकट कायम. तेव्हा मी मूळ ग्रंथाकडे वळलो. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची एक वही असते. प्रोग्रॅम कोसळला की तिच्यात १००० क्रमांकाची नोंद पडते. भाषा रुक्ष, पण चौकटीपेक्षा शंभरपट प्रामाणिक. कोसळलेल्या प्रोग्रॅमचं नाव एका ओळीत आणि ज्याच्यापाशी घात झाला त्या भागाचं नाव वेगळ्या ओळीत! खाली एक सांकेतिक आकडा : सी, पुढे सहा शून्यं, शेवटी पाच. अर्थ असा की, स्मरणातल्या जी जागा आपली नाही तिथे कुणीतरी हात घातला. तीन नंबरच्या कॅशियरने चार नंबरच्या गल्ल्यात हात घालावा तसं. विंडोज चौकशी समिती नेमत नाही. सगळ्या प्रोग्रॅमलाच बाहेर काढते.

दुसऱ्या ओळीत नाव होतं प्रिंटरवाल्यांच्या लायब्ररीचं. ही लायब्ररी म्हणजे तयार कामांची पेटी. छपाईची वेळ आली की आमचा प्रोग्रॅम ती उघडतो आणि ती त्याच्याच घरात बसून काम करते. म्हणजे पाहुण्याने भांडं फोडायचं आणि पोलिसांनी यजमानाला न्यायचं. यजमान दोनदा बदलून काय उपयोग? चार नंबरला तोच प्रिंटर बिनतक्रार चालत होता. दोन्हीकडची आवृत्ती ताडून पाहिली. बॅलन्स जुळवण्यात जन्म गेलाय, फरक लगेच दिसला. तीन नंबरवर आदल्या शनिवारी नवी आवृत्ती बसवली होती. इंजिनियरला फोन करून जुनी घालून घेतली. त्या दिवशी चाळीस पासबुकं छापली, चौकट नाही.

मोठ्यांच्या घरीही हेच. २०२० साली ६ मे आणि १० जुलै, असं दोनदा, आयफोनवर स्पॉटिफाय, टिंडर यांसारखी ॲप्स उघडता उघडता मिटत होती. बिघाड त्यांच्या पोटात घेतलेल्या फेसबुकच्या लायब्ररीतून आलेला. पण गाणं ऐकायला बसलेला माणूस शिव्या गाण्याच्या ॲपलाच देणार. पडद्यावर नाव त्याचं!

मेमोबरोबर मी त्या नोंदीची प्रत साहेबांपुढे ठेवली.

“यात तिचं नाव कुठाय?”

“नाहीच आहे, साहेब.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मेमो ड्रॉवरमध्ये गेला. मग त्या मुलीला द्यायच्या चिठ्ठीचा माझा मसुदा त्यांनी वाचला आणि लाल पेन उचललं.

“‘आमची चूक झाली’ हे काढा. ‘गैरसमज झाला होता’ असं लिहा.”