मिलानची अरेना : योगार्थ आणि रूढार्थ

मिलान येथील ‘अरेना चिविका’ ही वास्तु म्हणजे रोमन क्रीडागाराचे निव्वळ अनुकरण, असे म्हणून तिची बोळवण करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. नेपोलियनच्या अमदानीत लुइजी कानोनिका याने ती रचिली. स्फोर्झा किल्ल्याच्या पाडलेल्या तटबंदीचे दगड तीस लाविले. म्हणजे वळण रोमन, पण दगड तेथलाच.

‘अरेना’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ वाळू. परंतु १८०७ साली तेथे पाणी भरून बादशहासमोर नौकायुद्धाचा खेळ झाला. १५ मे १९१० रोजी इटलीच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाने आपला पहिला सामना तेथेच खेळून फ्रान्सला ६-२ असे हरविले. १९३९ त हार्बिग या जर्मन धावपटूने ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापून जागतिक उच्चांक केला. इंटर संघाने १९४७ त आपले बिऱ्हाड सान सीरोस हलविले; मैदान मात्र चालूच राहिले.

शब्दाच्या बाबतीत योगार्थापेक्षा रूढार्थ बलवत्तर मानितात. वास्तूसही तोच न्याय लाविला पाहिजे. बांधकामाच्या कागदांवरून कर्त्याचा हेतु कळेल. वास्तूचे चरित्र कळावयास खेळांच्या जाहिराती व सामन्यांची तिकिटेही दप्तरांत जपावी लागतील. संग्राहकांनी त्यांस रद्दी समजावे, हे आम्हांस मान्य नाही.