झिलई आणि वशिंड

भोकरदन म्हटले की आपल्या अभ्यासकांना आठवते ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. केळना नदीकाठचे हे गाव म्हणजे सांचीच्या दानलेखांतील भोगवर्धन. १९७३ च्या सुमारास देव आणि गुप्ते यांनी येथे उत्खनन केले. १९३८ साली पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी येथील मूर्तीचे साम्य दिसले, आणि गावाचे नाव झाले. त्याच मातीतून भाजलेल्या मातीचे प्राणीही निघाले. त्यांची बोळवण मात्र ‘खेळणी’ ह्या एका शब्दात होते. माझे भांडण त्या शब्दाशी आहे.

चकाकीला सरावलेली आपली दृष्टी ह्याच्या मुळाशी आहे, असे मला वाटते. इराणी झिलईदार प्राण्यांपुढे आपण उभे राहतो ते त्या निळाईसाठी. पण चोघा झंबीलचा बैल पाहावा. इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात उंताश-नपिरिशा राजाने तो इन्शुशिनाक देवाला वाहिला. पाठीवर तसा लेखही आहे. त्याची झिलई आता पुष्कळशी उडाली आहे. तरी बैल उभाच आहे! वशिंडाचा उठाव, छातीचा भार, रोवलेले पाय, सारे शाबूत. दाट झिलईखाली बारीक रेघा बुजतात, म्हणून तिथल्या कारागिराला मोठ्या आकारांतच प्राणी उभा करावा लागला. रंग हा नंतरचा.

पुढे काशानच्या कुंभारांनी नीलहरित प्राणी घडवले. त्यांच्या मिश्रणात दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काच आणि एक भाग पांढरी माती, असे अबुल कासिमने १३०१ साली नोंदवले आहे. असला लगदा बोटांना सहज वश होत नाही; तो अनेकदा साच्यात दाबत. सातवाहनकालीन मूर्तिकारही दोन साचे जुळवून पोकळ मूर्ती घडवत. फरक एवढाच, की त्यांच्यापाशी उणीव झाकणारे पांघरूण नव्हते.

म्हणून भोकरदनच्या प्राण्यांनाही कसोटी लावावी ती वशिंडाची. आकारात जीव आहे की नाही, एवढेच विचारावे. जिथे तो नसेल, तिथे तसे खुशाल म्हणावे. पण पोळ्याला आपण मातीच्याच बैलांना कुंकू लावतो. तेव्हा कुणी त्यांना खेळणी म्हणत नाही. समीक्षकाने निदान तेवढा आदर त्यांच्या पूर्वजांना द्यावा.