विलायतेचा समुद्रकिनारा व मराठी लेखक

मराठी वाचकास ब्रायटन हे नाव ठाऊक आहे ते एका कवितेमुळे. १९०९ च्या हिवाळ्यात विनायक दामोदर सावरकरांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील या गावी 'सागरा प्राण तळमळला' ही कविता रचली, आणि तेव्हापासून आमच्या सुशिक्षित घरांत ब्रायटन म्हणजे समुद्रास घातलेली ती आर्त साद, असे समीकरण कायमचे बसून गेले. पुढे हृदयनाथ मंगेशकरांनी तिला चाल दिली, तेव्हा ज्यांनी कविता वाचली नव्हती त्यांच्याही कानी ती पडली. शिंदखेड्यासारख्या गावी, जेथे समुद्र पाहिलेला मनुष्य शोधून काढावा लागे, तेथे आमच्या लहानपणी ही कविता तोंडपाठ असलेली मुले मात्र घरोघर होती. आम्हीही त्यांतलेच एक. आमचे वडील शाळामास्तर होते आणि ही कविता शिकविताना त्यांचा आवाज दाटून येई.

या कवितेच्या थोरवीविषयी आम्हांस काही नवे सांगावयाचे नाही. आमचे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. ब्रायटनच्या वाळवंटात जन्मलेल्या या कवितेत ब्रायटन कोठेच नाही. खरे तर तेथे वाळवंटही नाही, पायास बोचणारे गोटे आहेत. कवितेतील समुद्र हा इंग्लिश खाडीचा समुद्र नव्हे. तो भारतभूमीचे पाय धुणारा, वचन देऊन फसविणारा, अगस्तीची आठवण करून दिली असता ज्याने भ्यावे असा पुराणांतील सागर आहे. त्या वर्षी कवीच्या वडील बंधूंस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, मदनलाल धिंग्रा फासावर गेले होते, आणि लंडनमध्ये साधे बिऱ्हाड मिळणेही दुष्कर झाले होते. अशा मनःस्थितीतील मनुष्याने किनाऱ्यावरील करमणुकीची वर्णने करावी अशी अपेक्षा कोण करील? शिवाय ऋतू हिवाळ्याचा. ज्या गावाचा सारा व्यवहार उन्हाळ्यातील पाहुण्यांवर चालतो ते गाव हिवाळ्यात मिटलेल्या दुकानासारखे दिसते. कवीस किनारा दिसला नाही, समुद्रच दिसला, यात कवितेचे न्यून नसून बळ आहे.

तक्रार आहे ती पुढच्या गद्य लेखकांविषयी, व त्यांत प्रस्तुत लेखकही येतो. ज्यांस जन्मठेपेची धास्ती नव्हती, ज्यांच्या खिशात परतीचे तिकीट होते, तेही विलायतेच्या किनाऱ्यावर उभे राहिले की याच कवितेतील समुद्राकडे पाहू लागतात. चार ओळी हुरहुरीच्या, दोन सूर्यास्ताच्या, आणि मग उघड्यावाघड्या गोऱ्या स्त्रीपुरुषांविषयी थोडी थट्टा, की प्रकरण संपले. तेथे लोक काय करतात, काय खातात, भर पावसात तेथे का बसून राहतात, आणि स्वतः लेखकास तेथे बरे वाटले की वाईट, हे आमच्या प्रवासवर्णनांत फार क्वचित आढळते.

याचे कारण आमच्या मते जुने आहे. ज्या समाजात समुद्र ओलांडणे हेच पातक मानले गेले व परत येणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावे लागले, त्या समाजाच्या वाङ्मयात समुद्र ही ओलांडण्याची वस्तू झाली. पंडिता रमाबाईंचे 'इंग्लंडचा प्रवास' हे पत्ररूप पुस्तक १८८३ चे. त्या काळी प्रवास म्हटला की आगबोटीवरचे दिवस हाच त्याचा गाभा असावयाचा. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' पाहा. नावातच लंडनचे धुके मागे टाकून पुढे जाण्याची घाई आहे. आणि आमच्या कादंबरीत समुद्र सर्वांत प्रभावीपणे आला तो विश्राम बेडेकरांच्या 'रणांगणा'त (१९३९), तोही बोटीच्या कठड्यावरून. कोकणच्या लेखकांची गोष्ट वेगळी. त्यांचा समुद्र अंगणातला, पोटापाण्याचा. परंतु चार दिवस कामधंदा सोडून, केवळ बसण्यासाठी, समुद्राकाठी जावयाचे ही कल्पना त्यांच्याही गणपती-शिमग्याच्या वर्षचक्रात नव्हती. आमच्याकडे साहेबाने थंड हवेची ठिकाणे वसविली ती डोंगरावर. महाबळेश्वर, माथेरान आम्ही त्याच्याकडून घेतले, समुद्राकाठची सुटी मात्र कित्येक वर्षे घेतली नाही.

इंग्रजाची ही हौसही अनादि नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड रसेल नामक वैद्याने समुद्राचे पाणी अंगास लावण्यास व, वाचकांनी नाक मुरडू नये, पिण्यासही सांगितले, आणि ब्रायटनची भरभराट सुरू झाली. मग राजपुत्र आला, त्याने हिंदुस्थानी घुमटांचा महाल उठविला. १८४१ मध्ये लंडनहून आगगाडी आली आणि तिच्यासवे कारकून व गिरणीकामगार आले. या भरभराटीत पाटण्याच्या एका गृहस्थाचाही हात होता हे आमच्या वाचकांस कौतुकाचे वाटेल. शेख दीन मुहम्मद यांनी ब्रायटनला वाफेचे स्नानगृह काढून गोऱ्या लोकांस चंपी करविण्याची गोडी लावली, ती इतकी की चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांस आपल्या सेवेत नेमिले. आज ज्यास आपण शॅम्पू म्हणतो तो शब्द या चंपीचाच विलायती अवतार होय.

या किनाऱ्याशी इंग्रज लेखक कसा वागतो? तो त्यावर प्रेम करतो आणि त्याच्यावर चिडतो, व दोन्ही लपवीत नाही. जेन ऑस्टिनने १८१७ मध्ये, आजारपणात, 'सँडिटन' ही कादंबरी अर्धवट सोडली. तीत समुद्राच्या हवेचा बाजार मांडणाऱ्या गावाची यथेच्छ चेष्टा आहे. ग्रॅहॅम ग्रीनचे ब्रायटन (१९३८) म्हणजे सुटीच्या गर्दीत फिरणारे सुरे आणि पाप. पॉल थेरू हा अमेरिकन १९८२ मध्ये ब्रिटनचा सारा किनारा हिंडला आणि पुस्तकभर किरकिरत राहिला. तरी ते पुस्तक हातचे सोडवत नाही, कारण त्याचा मनुष्य खुर्चीत बसलेला दिसतो, भिजलेला दिसतो.

आणि हे केवळ लेखकांसच साधते असेही नव्हे. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या अखेरीपासून १९१६ च्या आरंभापर्यंत, ब्रायटनचा तोच घुमटांचा महाल जखमी हिंदी शिपायांचे रुग्णालय झाला होता. तेथून शिपायांनी घरी लिहिलेली, कित्येकदा दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली पत्रे लष्करी तपासनिसांच्या हाताखालून जात, आणि त्यांचे उतारे आजही उपलब्ध आहेत. त्यांत महालाचे व शुश्रूषेचे भाबडे कौतुक आहे, आणि त्याच गावातील दुसऱ्या रुग्णालयात, जेथे शिपायांस मोकळे हिंडू देत नसत, तेथील कोंडवाड्याविषयी संतापही आहे. आमच्या पदवीधर प्रवाशांपेक्षा ही पत्रे वाचनीय का, याचा विचार आम्ही बरेच दिवस केला. उत्तर इतकेच सापडले की घरच्या मंडळींनी आपल्याविषयी काय समजावे याची त्या शिपायांस आमच्याइतकी काळजी नव्हती.

आता स्वतःविषयी. १९९४ साली आम्ही उत्तर इंग्लंडातील एका विद्यापीठात वर्षभर होतो, आणि त्या उन्हाळ्यात तीन वेळा स्कारबरोस गेलो. निमित्त वाङ्मयीन होते: ॲन ब्राँटी तेथेच १८४९ मध्ये वारली व तेथेच टेकडीवरील चर्चच्या आवारात तिला पुरले. तिच्या दगडावर वय अठ्ठावीस कोरले आहे, वस्तुतः ती एकोणतीस वर्षांची होती. ही चूक पाहून आम्हांस, अध्यापकाच्या जातीस शोभेल असा, बारीकसा आनंद झाला. हे निमित्त पहिल्या खेपेचे. दुसऱ्या व तिसऱ्या खेपेस निमित्त नव्हते. आम्ही गेलो, कारण आम्हांस तेथे जावेसे वाटले.

पहिल्या खेपेस राहावयाची जागा शोधीत होतो. एका घराच्या खिडकीत 'जागा आहे' अशी पाटी होती. दार उघडणाऱ्या बाईंनी आमच्या तोंडाकडे पाहिले आणि जागा नुकतीच भरल्याचे सांगितले. रस्ता ओलांडून आम्ही मागे पाहिले. पाटी जागच्या जागीच होती. पाऊस सुरू झाला होता. चार घरे सोडून दुसऱ्या एका बाईंनी आम्हांस आत घेतले, आमचा ओला कोट काढून शेगडीजवळ टांगला आणि रात्री पांघरुणात ठेवण्यासाठी गरम पाण्याची रबरी पिशवी दिली. दोन्ही बाया एकाच गल्लीतल्या.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर धुके आले. त्या किनाऱ्यावर भर उन्हाळ्यात समुद्राकडून असे थंडगार धुके येते, त्यास तिकडचे लोक फ्रेट म्हणतात. दोन आखातांमधल्या डोंगरावरचा किल्ला दिसेनासा झाला, मुलांस पाठीवर घेऊन फिरणारी गाढवे दिसेनाशी झाली, नुसत्या त्यांच्या गळ्यांतील घंटा ऐकू येत होत्या. किनाऱ्यावर काचेच्या भिंतींचा एक निवारा होता; त्यात आम्ही शिरलो. आत एक वृद्ध जोडपे बसले होते. पती-पत्नी समोरच्या पांढऱ्या शून्याकडे, जेथे समुद्र असावा अशी समजूत होती तिकडे, तासभर पाहत होती. मध्येच आजीबाईंनी बाटलीतून चहा ओतला, एक पेला न विचारताच आमच्यापुढे केला आणि म्हणाल्या, आज हवा छान आहे नाही? त्यात उपरोध नव्हता. दर साली ती दोघे येत, आणि जी हवा मिळेल तिला छान म्हणत. आम्हीही 'छान आहे' म्हणालो, आणि सांगण्यास लाज वाटते, पण खरोखरच छान वाटत होते. त्या तासात आमचा प्राण मुळीच तळमळत नव्हता.

तेथील खाणे म्हणजे तळलेली मासळी व बटाट्याचे जाड काप. आम्ही शाकाहारी, म्हणून तीन खेपांत मिळून बटाट्याच्या कापांचे किती पुडके आम्ही संपविले याची गणना नाही. गरम काप, त्यावर मीठ व व्हिनेगर, समोर भिजलेली वाळू, आणि डोक्यावर घिरट्या घालणारे कुरव पक्षी, जे हातातला घास उचलून नेण्यास कमी करीत नसत. तिसऱ्या खेपेस, अगदी शेवटच्या संध्याकाळी, दुकानदाराने अभिमानाने सांगितले की आमच्या भागात आम्ही हे तेलात तळीत नाही, गोमांसाच्या चरबीत तळतो, म्हणून ही चव. आम्ही रस्त्याच्या कडेस जाऊन उभे राहिलो. पोटात ढवळले खरे. परंतु चव वाईट होती असे आम्हांस तेव्हाही म्हणता आले नाही, आजही म्हणता येत नाही.

वडिलांच्या पश्चात गेल्या वर्षी त्यांच्या पेटीत आमची त्या सालची पत्रे निघाली. त्यांनी ती तारीखवार लावून दोऱ्याने बांधली होती. ती वाचताना आम्ही खजील झालो. स्कारबरोविषयी त्यांत एकच परिच्छेद आहे: समुद्र पाहिला, मन अस्वस्थ झाले, स्वदेशाची व आपणां उभयतांची आठवण आली, ॲन ब्राँटीची समाधी पाहिली. पाटीची गोष्ट नाही, कारण वडिलांस वाईट वाटले असते. चहाची नाही, कारण आपला मुलगा परमुलखात रमला असे त्यांस वाटले असते. काप तर नाहीतच. वडील ही पत्रे ओट्यावर बसून शेजाऱ्यांस वाचून दाखवीत, हे आम्हांस ठाऊक होते, आणि आम्ही लिहीत होतो ते त्या ओट्यासाठी. मराठी प्रवासवर्णनाच्या ज्या दोषावर आम्ही वर इतके लिहिले, त्याचा इतका नमुनेदार उतारा आम्हांस दुसरीकडे मिळाला नसता.

कोणी म्हणेल, वडिलांच्या मनास जपले यात वाङ्मयीन अपराध तो कोणता? आम्हीही बरीच वर्षे तेच म्हणत होतो. पण त्या ओट्यावर उंबऱ्याच्या आत बसून आमची आईही ती पत्रे ऐकत होती. तिने समुद्र पाहिला नव्हता. मुडावदला पांझरा तापीस मिळते, तेथे कपिलेश्वराच्या देवळापाशी पावसाळ्यात जे पाणी दिसते तेवढी तिची पाण्याची कल्पना. आम्ही परत आल्यावर तिने एकच प्रश्न विचारला: "पानी खारं ऱ्हास म्हने, मंग लोके तठे कसाले जातस?" पाणी खारट, तर लोक तेथे जातात कशाला? विलायतेत वर्षभर राहून, तीनदा समुद्राकाठी जाऊन आलेल्या इंग्रजीच्या अध्यापकास यावर बोलता येईना. वडिलांनी, अर्थातच, ती कविता म्हणून दाखविली. आईने ती ऐकून घेतली, आणि आपला प्रश्न तसाच घेऊन ती चुलीकडे गेली.

दोन-तीन वर्षांनी आम्ही तिला सुरतेच्या गाडीने डुमसला नेले. आमच्याच तापीचे पाणी तिथे जवळच समुद्रास मिळते. ओहोटी होती, काळसर ओली वाळू दूरवर पसरली होती. आईने बराच वेळ चालून पाणी गाठले, ओंजळीत घेऊन जिभेस लावले, थुंकले, आणि "खारंच शे" म्हणून मोठ्याने हसली. मग आम्ही काठावर बसून टोमॅटोची भजी खाल्ली. तिकडेही भजी मिळतात काय, असे तिने विचारले, तेव्हा आम्ही तिला बटाट्याच्या कापांचे, धुक्याचे, घंटांचे, पाटीवाल्या बाईचे आणि चहा देणाऱ्या आजीचे सगळे सांगितले. चरबीचे तेवढे सांगितले नाही.