बक्षिसाआधीचं रॉटरडॅम

जून १९७२ मध्ये ह्यूब बाल्स यांनी रॉटरडॅममध्ये चित्रपट महोत्सव सुरू केला, तेव्हा पहिल्या संध्याकाळी प्रेक्षागृहात अवघी १७ माणसं होती. आता जानेवारीच्या अखेरीस हे बंदराचं शहर दहा-बारा दिवस सिनेमामय होतं आणि प्रेक्षकसंख्या लाखांत जाते. महोत्सवाच्या बोधचिन्हावर वाघ आहे. एमजीएमच्या डरकाळी फोडणाऱ्या सिंहाला दिलेलं ते मिश्कील प्रत्युत्तर. बड्या स्टुडिओंच्या सिनेमापुढे दुसरं काहीतरी उभं करायचं, ही भूमिका त्या चिन्हातच आली.

१९९५ पासून दिला जाणारा ‘टायगर’ पुरस्कार प्रामुख्याने नवोदितांसाठी. ख्रिस्तोफर नोलनचा ‘फॉलोइंग’ १९९९ मध्ये त्याचा मानकरी होता. मित्रांना गोळा करून, सुट्टीच्या दिवशी, तुटपुंज्या पैशात केलेला कृष्णधवल चित्रपट. कोरियाच्या हाँग सांग-सूलाही त्याआधी दोन वर्षं पहिल्याच चित्रपटासाठी हा पुरस्कार मिळाला होता. पारखी नजरेचा हा लौकिक खराच. पण रॉटरडॅमचं मोठं काम बक्षीस समारंभाच्या बरंच आधी सुरू होतं.

‘सिनेमार्ट’ हा सहनिर्मितीचा बाजार १९८३ चा. चित्रपट अजून कागदावर असतानाच दिग्दर्शक आणि पैसे घालू शकणारे निर्माते इथे समोरासमोर बसतात. १९८८ मध्ये बाल्स गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाचा निधी उभा राहिला. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या दिग्दर्शकांना तो संहितेच्या टप्प्यावरही मदत करतो. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ला ही मदत मिळाली होती, पायल कपाडियाच्या ‘ऑल वुई इमॅजिन अॅज लाइट’लाही. पुढे ‘कोर्ट’ व्हेनिसला गाजला आणि पायलला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं. दोन्ही चित्रपटांचं कौतुक दुसऱ्याच महोत्सवांत झालं, हेही बोलकंच आहे.

‘कोर्ट’मधली सरकारी वकील दिवसाची सुनावणी संपवून लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जाते. कथा पुढे नेण्याच्या हिशेबाने पाहिलं तर यातलं काहीच लागत नाही. धंदेवाईक निर्मात्याने पहिली कात्री इथेच लावली असती. असे प्रसंग लिहून, तपासून, पुन्हा लिहायला लेखकाला उसंत लागते आणि त्या काळातल्या घरभाड्याची सोयही लागते.

भारतीय सिनेमाने दोनदा वाघ जिंकला: २०१७ मध्ये सनलकुमार शशिधरन यांच्या ‘सेक्सी दुर्गा’ने आणि २०२१ मध्ये पी. एस. विनोदराज यांच्या ‘कूळांगल’ने. ‘कूळांगल’मध्ये दारुडा बाप माहेरी गेलेल्या बायकोला आणायला मुलासह निघतो. मुलगा हातातले पैसे फाडून टाकतो आणि परतीची वाट रणरणत्या उन्हात चालत कापावी लागते. वाटेत एक कुटुंब उंदीर पकडून भाजत असतं. कॅमेरा बापलेकांना सोडून तिथेच थांबतो. ना करुण संगीत, ना शेरेबाजी. दुष्काळ दिसतो तो असा, कुणीही त्याचं नाव न घेता.

अशा चित्रपटांचाही एक साचा होत चालला आहे, ही तक्रार मात्र नुसती कुजबुज म्हणून झटकता येणार नाही. अबोल नायक, लांबलचक स्थिर चौकट, पायपीट, गरिबी: युरोपातल्या निवडकर्त्यांना आपल्याकडून काय आवडतं, याचा अंदाज बांधूनही संहिता लिहिल्या जातात. रॉटरडॅमची निवड या आरोपाला अधूनमधून छेद देते. २०२४ मध्ये ज्युरीचा खास पुरस्कार मिळालेला मिथुन मुरलीचा ‘किस वॅगन’ म्हणजे जवळपास तीन तासांचा छायाकृतींचा अॅनिमेशनपट; त्याला कोणत्याच साच्यात कोंबता येत नाही. पण अशी निवड करायला तयारीची माणसं लागतात. २०२२ मध्ये फेररचनेच्या नावाखाली महोत्सवाने निवड विभागातल्याच अनेकांना नारळ दिला. त्यावर चित्रपटवर्तुळात नाराजी उमटली, ती उगाच नव्हे.

मायदेशी परतल्यावर या चित्रपटांचं काय होतं, हा तर वेगळाच अध्याय. ‘सेक्सी दुर्गा’ इथे ‘एस दुर्गा’ झाला. गोव्याच्या इफ्फीत ज्युरीने निवडूनही माहिती-प्रसारण मंत्रालयाने तो वगळला. केरळ उच्च न्यायालयाने दाखवण्याचा आदेश दिला, तरी महोत्सवात तो दिसला नाहीच. ‘कूळांगल’ प्रेक्षकांपर्यंत पोचला तो २०२३ मध्ये, ओटीटीवरून. हर्षद नलावडेचा ‘फॉलोअर’ बेळगावच्या सीमावादात वाढलेल्या मराठी तरुणाची गोष्ट सांगतो. २०२३ मध्ये रॉटरडॅमला दाखवलेला हा चित्रपट आपल्याकडच्या थिएटरात यायला २०२५ उजाडलं.

गोव्यातला ‘फिल्म बाजार’ २००७ पासून सिनेमार्टच्याच धर्तीवर दिग्दर्शक आणि निर्माते यांची गाठ घालून देतो. महाराष्ट्र सरकारच्या अनुदान योजनेची चाल उलटी आहे: चित्रपट आधी पूर्ण व्हायला हवा, मग परीक्षण समिती त्याला दर्जा देणार आणि त्यानंतर पैसे. तोवर दिग्दर्शक कर्ज काढतो, नाहीतर दागिने मोडतो. या तरतुदीतला लहानसा हिस्सा जरी निव्वळ संहितांसाठी राखला, तरी पुढच्या ‘कोर्ट’ला लेखनासाठी डच निधीकडे अर्ज करावा लागणार नाही.