अवतार आणि अवतारसमाप्ती

संगणकीय खेळांच्या परिभाषेत ‘अवतार’ हा शब्द दाखल होऊन चार दशके झाली. १९८५ साली रिचर्ड गॅरियट यांनी ‘अल्टिमा’ या खेळमालिकेच्या चौथ्या भागात तो योजला. पुढच्याच वर्षी लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’मध्ये चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी दूरध्वनीच्या तारेवरून एकत्र येणाऱ्या खेळाडूंच्या पडद्यावरील आकृतींना तेच नाव दिले, आणि नील स्टीफन्सन यांच्या १९९२ मधील ‘स्नो क्रॅश’ या कादंबरीने ते सर्वतोमुखी केले. माहेरी आलेल्या लेकीच्या अंगावर सासरचे लुगडे असावे, तसा हा शब्द मराठीत परतला. त्याचे स्वागत दोन प्रकारे झाले. एका पक्षाला आपला शब्द जगाने उचलल्याचा अभिमान वाटला; दुसऱ्या पक्षाने आभासी विश्वांतील खेळाला व्यसन ठरवून शब्दाकडे पाहिलेच नाही. या शब्दाबरोबर कोणता अर्थ तिकडे गेला आणि कोणता इकडेच राहिला, हा प्रश्न मात्र दोन्ही पक्षांना पडलेला दिसत नाही.

इकडे राहिलेला अर्थ समाप्तीचा आहे. भारतीय परंपरेतील अवतार उतरतो तो काही कार्यासाठी, आणि ते संपताच तो संपतो. ‘अवतारसमाप्ती’ हा शब्द मराठीत इतका सहज आहे की तो संकल्पनेचा अविभाज्य घटक आहे, हे लक्षातही येत नाही. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांची प्रत्येक कृती ही लीळा आहे, पण त्या लीळांच्या मालिकेलाही उत्तरापंथे गमनाची सीमा आहे. ज्या क्रीडेला शेवट नाही, तिला अवताराची क्रीडा म्हणता येईल काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी दक्षिण कोकणातील दशावताराइतके उपयुक्त उदाहरण नाही. रेडी हे वेंगुर्ले तालुक्यातील, गोव्याच्या सीमेला लागून असलेले गाव. माउलीचे देऊळ, यशवंतगड आणि लोहखनिजाच्या खाणी ही त्याची बाहेरच्या जगाला असलेली ओळख. मोचेमाड, आरवली, शिरोडे, रेडी या पट्ट्यात कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला की रात्री देवळापुढे दशावतार उभा राहतो. त्याचे स्थानिक नावच ‘धयकालो’, म्हणजे दहीकाला, आहे. हे नाव प्रयोगाच्या आरंभावरून किंवा आशयावरून पडलेले नाही. ज्या विधीने तो परंपरेने संपतो, त्यावरून पडलेले आहे.

या प्रयोगाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. प्रथम आड-दशावतार, म्हणजे पूर्वरंग : सूत्रधार, ऋद्धि-सिद्धींसह गणपती, सरस्वती, मग वेद पळवणारा काळ्या वेषातला संकासुर आणि त्याचा वध करणारा विष्णू. इतर पात्रे संस्कृतप्रचुर मराठी बोलत असताना संकासुर मात्र मालवणी बोलतो, प्रेक्षकांची टर उडवतो, त्यांच्याकडून उडवून घेतो. देव आणि गाव यांच्या सीमेवर उभा राहून तो दोन्हीकडची भाषा एकमेकांवर आपटतो. त्यानंतर आख्यान. कोणते आख्यान लावायचे हे त्या-त्या प्रयोगापुरते ठरते, भूमिका वाटल्या जातात, कथेचा आराखडा सांगितला जातो; संवाद लिहिलेले नसतात. हार्मोनियम, पखवाज, झांज आणि एक बाकडे एवढ्या सामग्रीवर इंद्रसभाही उभी राहते, अरण्यही. अलीकडे ‘संयुक्त दशावतार’ होतात. त्यांत वेगवेगळ्या मंडळांचे नट एकत्र येतात आणि पुराणकथा व संकेत यांच्या सामाईक भांडवलावर रात्र निभावून नेतात. शेवटी पहाटे काला होतो, हंडी फुटते. राजा रंग पुसतो, आणि वेष पेटाऱ्यात जातात.

हा सारा व्यवहार ‘आभास विरुद्ध वास्तव’ या द्वंद्वात बसवता येत नाही. (रेडीचा द्विभुज गणपती १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडला तो एकाला पडलेल्या स्वप्नामुळे, असे सांगितले जाते. स्वप्न आणि खाण यांचे जिथे असे जमते, तिथे या द्वंद्वाची मातब्बरी मुळातच कमी असणार.) भारतीय काव्यशास्त्राने हे द्वंद्व फार पूर्वी ओलांडले होते. नट हा राम आहे ही प्रतीती सम्यक् नाही, मिथ्या नाही, संशयरूप नाही आणि सादृश्यरूपही नाही. ती चित्रातल्या घोड्याला घोडा म्हणण्यासारखी निराळीच प्रतीती आहे, असे शंकुकाने म्हटले. नैयायिकांचे ‘आहार्य ज्ञान’ याहूनही नेमके आहे : वस्तुस्थिती उलट आहे हे ठाऊक असताना केवळ इच्छेने केलेले ज्ञान म्हणजे आहार्य. नाट्यशास्त्रात वेषभूषेच्या अभिनयालाही आहार्य म्हणतात, आणि दशावतारी नटाचा मुकुट काय किंवा आभासी विश्वातल्या खेळाडूने विकत घेतलेला पोशाख काय, दोन्ही अर्थांनी आहार्यच. तेव्हा मुले खेळाला खरे समजतात ही तक्रार बहुतेक वेळा गैरलागू ठरते. खेळणारा भ्रमात नसतो. तो इच्छेने तसे मानत असतो. योहान हायझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’मध्ये, १९३८ साली, खेळाभोवती स्थळकाळाची रेषा आखली ती याच जाणिवेतून. रेषा आखणारा ती ओलांडून बाहेरही येऊ शकतो, हे त्यात गृहीत आहे.

आभासी विश्वे दशावताराहून भिन्न होतात ती या बाहेर येण्याच्या ठिकाणी. आरंभी हे अंतर थोडे होते. १९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी घडवलेल्या ‘मड’ या शब्दमय विश्वात चित्र नव्हते. आराखडा आणि नियम दिलेले, बाकीचे संवाद खेळाडूंनी जागच्या जागी रचायचे. ही रीत संहितेवाचून उभ्या राहणाऱ्या आख्यानाच्या फार जवळची होती. ‘लँब्डामू’ या तशाच विश्वात १९९३ साली एका खेळाडूने इतरांच्या पात्रांवर, त्यांची संमती नसताना, शब्दांतून लैंगिक अत्याचार केला. ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये लिहिलेल्या लेखामुळे ते प्रकरण गाजले. तिथल्या रहिवाशांनी सभा घेतली, वाद घातले, आणि अखेरीस एका व्यवस्थापकाने ते पात्र मिटवले. त्या वादाचा गाभा हाच होता की ‘हा खेळ आहे’ असे म्हणण्याचा अधिकार एकट्या खेळणाऱ्याला नाही. तो सर्वांनी मिळून द्यायचा असतो. संकासुराला गावाची टर उडवता येते ती गावाने त्या रात्रीपुरती मुभा दिलेली असते म्हणून.

व्यापारी आभासी विश्वांत ही मुभा देणारा आणि काढून घेणारा वेगळाच कोणी असतो. ‘पबजी’त शंभरापर्यंत खेळाडू हवाई छत्रीने बेटावर उतरतात, हे अवतरण अक्षरशः अवतरण आहे, आणि मग सुरक्षित वर्तुळ लहान होत जाते. एकेका डावाला शेवट आहे, तोही नाट्यपूर्ण. परंतु डाव संपला तरी खेळ संपत नाही : गुण, पदव्या, पोशाख, हंगामामागून हंगाम. खेळाडूच्या पात्राला कार्यसमाप्तीचा क्षण दिलेलाच नाही, कारण तो देणे व्यवहाराला परवडणारे नाही. म्हणून शेवट येतो तो बाहेरून. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, तीत ‘पबजी मोबाईल’ होता. २०२१ च्या जुलैत तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या नावाने परतला, जुन्या पात्रांची मिळकत नव्या घरी नेण्याची सोय काही काळ दिली गेली. २०२२ च्या जुलैत तोही दुकानांतून काढला गेला, आणि २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. मृत्यू, पुनर्जन्म, संचिताचे हस्तांतर ही सारी शब्दकळा इथे लागू पडते; फक्त कर्माचा संबंध कुठे नाही. पात्राने काय केले यावर त्याचे जाणे-येणे अवलंबून नव्हते. पुण्याच्या सुपरगेमिंगने २०२४ च्या ऑक्टोबरात आणलेल्या ‘इंडस’मध्ये तर विश्वाचे नावच ‘विरलोक’ आहे आणि वेषांत भारतीय पुराणप्रतिमांचे भान आहे. पण रचना तीच : लोक आपला, उतरणे आपले, परतण्याची वाट नाही. आशय देशी झाल्याने रूपबंध देशी होत नाही, ही मराठी कादंबरीच्या चर्चेत घासून गुळगुळीत झालेली गोष्ट इथे नव्याने ताजी होते.

रॉजे कायवा यांनी १९५८ साली खेळांची स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवंड अशी चतुर्विध विभागणी केली आणि सोंग व दैव यांचा संयोग स्वभावतः अशक्य ठरवला. सोंग घेणारा जाणूनबुजून वागत असतो, सोडत काढणारा स्वतःला दैवाच्या हवाली करतो. दोन्ही एकत्र नांदणार कशी? आभासी विश्वांनी ती नांदवून दाखवली. आत काय आहे हे न सांगता विकल्या जाणाऱ्या पेट्यांतून पात्राचा वेष निघतो. म्हणजे सोंगच सोडतीला लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशाचे खेळ निषिद्ध ठरवले आणि ई-क्रीडा व सामाजिक खेळ वेगळे काढले. ही रेघ द्यूत आणि खेळ यांच्यामध्ये आहे. तिची गरज नाकारता येणार नाही, परंतु वेषाचा पेटारा कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरच राहतो.

अर्थात दशावताराला आदर्श ठरवून आभासी विश्वांना झोडपणे सोपे आहे, आणि म्हणूनच संशयास्पद. जत्रेतील प्रयोगाला मानपानाची उतरंड आहे. पेटारा मंडळाच्या मालकाचा असतो, नटाचा नव्हे. परंपरेने स्त्रीभूमिका पुरुष करतात. त्या वेषाचे कौतुक करताना ज्यांना रंगभूमीवर जागाच नव्हती त्यांचा विसर पडतो. माउलीच्या देवळापुढे रात्रभर बसलेली बाई संकासुराला उत्तर देऊ शकेल. द्रौपदी होऊ शकणार नाही. आभासी विश्वात ती द्रौपदी होईल, हवे तर भीमही होईल. प्रेक्षक आणि नट यांच्यामधली भिंत तिथे नाही. इथे रससिद्धान्तही तोकडा पडतो. त्याचा सहृदय बसून पाहणारा आहे. जो स्वतःच करतो आणि स्वतःलाच पाहतो, त्याच्या आस्वादाचे स्वरूप सांगणारी परिभाषा मराठी समीक्षेला अजून घडवावयाची आहे.

शिवाय समाप्तीची भूक त्या विश्वांतही आहे. ‘सिटी ऑफ हीरोज’ हे २००४ साली सुरू झालेले विश्व बंद होणार असे २०१२ साली जाहीर झाले, तेव्हा खेळाडूंची पात्रे हातांत मशाली घेऊन त्यातल्या एका चौकात जमली. त्यांना तसे करायला कोणत्याही नियमाने सांगितले नव्हते. त्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरला विश्व बंद झाले. त्या जमावाने विसर्जनाचा विधी स्वतः रचला, पूर्वरंगाशिवाय, सूत्रधाराशिवाय. पुढे रसिकांनी ते विश्व आपल्या खर्चाने पुन्हा उभे केले आणि २०२४ च्या जानेवारीत मूळ कंपनीने त्यांना रीतसर परवाना दिला. ते आता चालू आहे, रोज, अखंड. धयकाल्यातला नट दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावच्या देवळापुढे उभा राहतो, तेव्हा काल जो राजा होता तो बहुधा आज राक्षस असतो.